कातळ, पाणी आणि काजवे: कळसूबाई-हरिश्चंद्रगडाबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यावर लिहिलं आणि त्यानंतर तुमचे इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांना फक्त रस्ता आणि मुक्कामाची सोय विचारायची होती त्यांना वेगळं कळवते, इथे ते घेत नाही. मागचा अंक ज्यांच्या हातात पडला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की हे अभयारण्य अहिल्यानगर (म्हणजे आधीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे, १९८६ साली जाहीर झालं, साधारण ३६२ चौरस किलोमीटरचं आहे, आणि एका टोकाला कळसूबाई, दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगड, मध्ये रतनगड, भंडारदऱ्याचं धरण, घाटघर, साम्रदची सांधण दरी आणि महादेव कोळी, ठाकर लोकांची गावं असं सगळं त्यात येतं. गावं आत आहेत हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

प्रश्न : सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात? आणि रतनगडासारख्या किल्ल्यावर चारी बाजूंनी कडा असताना टाक्यात पाणी येतं कुठून? आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला की जुन्या लोकांकडे काहीतरी गुप्त विद्या होती. (कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक)

विद्या होती, पण गुप्त नव्हती, ती दगड बघायची विद्या होती.

हा सगळा डोंगर लाव्हाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग काही काळ शांत गेला, परत आला, परत पसरला, असं कितीतरी वेळा झालं आणि एकावर एक थर बसत गेले. भाकरीची चवड असते ना तशी. त्यातला काही थर एकदम घट्ट कातळ, त्याचा सरळ कडा तयार होतो. काही थर बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तो लवकर झिजतो, त्याचा उतार किंवा सपाटी होते. कडा, सपाटी, कडा, सपाटी, अशा पायऱ्या त्यातून आल्या. इंग्रज भूशास्त्रज्ञांनी याला डेक्कन ट्रॅप म्हटलं त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आणि मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे या थरांचे जे गट पाडलेत त्यातल्या सगळ्यात खालच्या मोठ्या गटाचं नाव आहे कळसूबाई उपगट, त्याच्या पोटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी नावं, म्हणजे जगभरातले भूशास्त्राचे विद्यार्थी आपल्या गावांची नावं पाठ करतात!

आता पाण्याचं. दोन लाव्हांच्या मधे जो शांत काळ गेला त्यात वरचा पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली आणि पुढचा लाव्हा अंगावर आला तेव्हा ती भाजून निघाली. हा तांबडा पट्टा तुम्हाला घाटात रस्ता खोदलाय तिथे सहज दिसेल, विटेच्या रंगाचा, कधी हातभर कधी पुरुषभर जाडीचा. पावसाचं पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून खाली झिरपत येतं, या चिकट तांबड्या थराशी आलं की त्याला खाली जायला वाव राहत नाही, मग ते आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. उन्हाळ्यातसुद्धा अशा जागी हात लावला तर गारवा लागतो, शेवाळ असतं, एखादं नेचं उगवलेलं असतं. जुन्या लोकांनी नेमक्या अशा ओलीच्या जागा हेरून टाकी खोदली. काही टाकी नुसती पावसाच्या पाण्याची, ती आटतात, आणि काहींना आतून झरा आहे, ती मे महिन्यातही भरलेली सापडतात. पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलात की आधी टाकं बघू नका, टाक्याच्या मागची भिंत बघा, ओल कुठल्या थरातून येते ते सापडलं की सगळा किल्ला इथेच का बांधला ते आपोआप कळतं, कारण पाण्याशिवाय तट-बुरुजांना काही अर्थ नव्हता.

जाता जाता, त्या सच्छिद्र दगडाच्या पोकळीत पांढरे चमकणारे स्फटिक दिसतात, ते झिओलाइट. बघा, फोटो काढा, पण फोडून खिशात घालू नका.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वर गुहेत चारपैकी तीन खांब तुटलेत आणि चौथा तुटला की जग बुडेल असं सांगतात. माझा सात वर्षांचा मुलगा ते ऐकून तिथून लवकर चला म्हणून रडायला लागला. त्याला काय सांगू? (एक आई, ठाणे)

त्याला जवळ घेऊन सांगा की ती गोष्ट आहे, आणि गोष्ट छान आहे. चार खांब म्हणजे चार युगं, सत्य, त्रेता, द्वापर अशी तीन गेली म्हणून तीन खांब पडले, आता कलियुगाचा एक उरलाय, असं लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. तुटका खांब बघून कुणाला तरी काळ आठवला, ही कल्पना मला आजही तिथे उभं राहिलं की अंगावर काटा आणते.

पण त्याला हेही सांगा की छत खांबावर उभं नाहीये. ही गुहा बांधलेली नाही, कोरलेली आहे. बांधकामात आधी खांब मग छत, इथे डोंगर आधीपासूनच होता आणि माणसांनी त्यातला नको तेवढा दगड काढून घेतला, शिवलिंगाभोवती चार खांब ठेवले ते देवाला मंडप हवा म्हणून. छत म्हणजे अखंड डोंगर. तीन खांब गेले तरी ते जागचं हललेलं नाही ते त्यामुळेच.

तुम्ही पाण्यात उतरला होतात का ते लिहिलं नाहीत. त्या लिंगाभोवती कमरेपर्यंत पाणी असतं आणि ते भर उन्हाळ्यातही इतकं गार की पाय पहिल्यांदा बधिर होतात आणि मग प्रदक्षिणा संपेपर्यंत दुखायला लागतात. वरच्या प्रश्नात सांगितलं तेच इथेही आहे, पाणी दगडाच्या आतून येतं, त्याला ऊन लागतच नाही. पावसाळ्यात मात्र गुहेसमोरून मंगळगंगेचा ओढा जोरात वाहतो, तेव्हा मुलाला घेऊन तिथे उतरायचं नाही, कितीही जण उतरलेले दिसले तरी.

आणि हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळची पुष्करणी बघितली असेल, सप्ततीर्थ म्हणतात तिला, तिच्या एका बाजूला ओळीने चौदा देवळ्या आहेत. त्यातल्या मूर्ती आता तिथे नाहीत, जागा रिकाम्या आहेत. मुलाला म्हणावं मोजून बघ. रडणारी मुलं मोजायला लावली की शांत होतात.

प्रश्न : कोकणकड्यावर गोल इंद्रधनुष्य दिसतं म्हणून आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा संध्याकाळी थांबलो, सूर्यास्त सुंदर मिळाला पण ते काही दिसलं नाही. हे खरंच असतं का? (एक वाचक, पुणे)

असतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून ते पाहिल्याची नोंद आहे. तुमची वेळ चुकली, बाकी काही नाही.

साधा हिशेब आहे बघा. इंद्रवज्र दिसायला सूर्य तुमच्या पाठीमागे हवा आणि समोर, तुमच्या खाली, ढग किंवा धुकं हवं. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. म्हणजे कड्यावर उभं राहून दरीकडे बघताना सूर्य पाठीशी असतो तो सकाळी. संध्याकाळी तो समोर असतो, तेव्हा सूर्यास्त मिळेल, इंद्रवज्र मिळणार नाही. पाऊस सरता सरता, सकाळी ऊन पडलंय आणि कोकणातून ढग वर चढतायत अशी वेळ साधली तर त्या ढगावर तुमची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. पूर्ण गोल. गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला तिच्या सावलीभोवती दिसतं आणि तुम्हाला तुमच्या, दोघींचं वज्र वेगळं. हे नेहमीच्या इंद्रधनुष्यापेक्षा खूप लहान असतं आणि ते बनतं धुक्याच्या बारीक थेंबांवरून उजेड उलटा मागे फिरल्यामुळे.

त्याच कड्यावर पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडताना दिसतो तो वाऱ्यामुळे. समुद्रावरून आलेला वारा सपाट कोकण ओलांडून थेट या भिंतीवर आदळतो, जायला जागा नाही म्हणून वर चढतो, आणि कडा आतून वाटीसारखा खोलगट आहे त्यामुळे तो जोर आणखी वाढतो. तुम्ही आणि कडा यात किती अंतर ठेवायचं ते सांगायला नको, पण तरी सांगते, ओल्या गवताखालचा दगड दिसत नाही आणि ढग आला की दोन हातांवरचं दिसेनासं होतं. कड्याजवळ पोटावर झोपून, पाय कुणाला तरी धरायला सांगून डोकावायचं, ही जुन्या ट्रेकर लोकांची पद्धत आहे, आणि धुक्यात तेही नाही.

प्रश्न : रतनवाडीच्या अमृतेश्वराला सगळे हेमाडपंती म्हणतात, मग ते हेमाडपंताने बांधलं का? (निवृत्त शिक्षक, संगमनेर)

नाही सर. हेमाडपंत तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे होता. अमृतेश्वर त्याहून जुनं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. शिलाहार राजा झंझ याने शिवाची बारा देवळं बांधली असा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात येतो, आणि लोकांनी ती बारा देवळं नद्यांच्या उगमाशी नेऊन ठेवलीत, त्यात अमृतेश्वर धरतात. कुठलं देऊळ त्या बारांतलं हा वाद अभ्यासकांचा, पण जागा बघा ना, रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या उगमाजवळ, पाण्याच्या काठावर. आपल्याकडे चुन्याशिवाय घडीव दगडांचं कुठलंही देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय लागलीये, तुम्ही मुलांना शिकवताना हा फरक सांगितलात तर फार बरं होईल.

पावसाळ्यात या देवळाच्या गाभाऱ्यात पाणी येतं आणि पिंड पाण्याखाली जाते, ते एकदा बघाच. खांबांवरचं कोरीव काम बघताना हात फिरवू नका एवढी विनंती, हाताच्या तेलाने दगड काळा पडतो.

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी मुलांना घेऊन काजवे बघायला गेलो. पाच तास ड्रायव्हिंग करून पोचलो तर नुसती गाड्यांची रांग, गोंगाट, आणि काजवे तुरळक. लोक म्हणाले आता काजवे संपत चाललेत. खरं आहे का? (एक वडील, मुंबई)

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं कारण मी तिथे अशीही रात्र पाहिलीये की अख्खं झाड पेटतं आणि विझतं, पेटतं आणि विझतं, एका लयीत, आणि मग पलीकडचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं. त्या रात्री आम्ही चौघीजणी होतो, सोबत गावातल्या एक मावशी, त्यांनी आधीच सांगितलं होतं की बॅटरी पिशवीत टाका आणि पंधरा मिनिटं काही बोलू नका. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग डोळे अंधाराला सरावले आणि सादड्याच्या खोडाच्या सालीतसुद्धा उजेड आहे हे दिसायला लागलं. एक काजवा मावशींच्या पदरावर येऊन बसला, तो हिरवट पिवळा ठिपका लुगड्याच्या एका धाग्यापुरता उजेड पाडत होता, धाग्याचा रंग कळेल इतका, आणि मावशी हललीच नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काजव्याचं जे आपण बघतो ते त्याच्या आयुष्याचे शेवटचे दोन-तीन आठवडे. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळीच्या रूपात जमिनीवर, ओल्या पाचोळ्यात असतो आणि गोगलगायी, किडे खातो. म्हणजे काजवे हवे असतील तर झाडाखालची जमीन ओली हवी, पाचोळा हवा, गोगलगायी हव्यात, आणि मग पंख फुटल्यावर पूर्ण अंधार हवा. कारण तो उजेड आपल्यासाठी नसतो, नर मादीला शोधत असतो. पोटातल्या एका द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तो थंड उजेड तयार होतो, त्यात उष्णता जवळजवळ नाहीच. आपल्या गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश त्यावर पडले की मादीला नराचा इशारा दिसत नाही, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. त्या वर्षी काही कळत नाही. पुढच्या वर्षी झाडावर उजेड कमी असतो.

म्हणून गर्दीच्या जागी काजवे तुरळक का, याचं उत्तर तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय. झाडाखाली शेकडो पावलं फिरतात, त्याखाली अळ्या आणि माद्या चिरडतात. दुसरं, तुमची तारीख थोडी नशिबाची होती. वळवाचे एक-दोन पाऊस होऊन हवा दमट झाली की काजवे वाढतात, मृगाच्या आसपास भर असतो, आणि मुसळधार पाऊस सुरू झाला की संपतात. तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, गावात फोन करून पाऊस किती झाला ते विचारा.

पुढच्या वर्षी शनिवार-रविवार सोडून जा. गाडी गावात लावा आणि गावातलाच माणूस सोबत घेऊन चालत जा, त्याचे पैसे त्याला द्या. टॉर्च लागलीच तर लाल जिलेटिन कागद लावून पायापुरती जमिनीकडे धरा. पायवाट सोडून झाडाखाली जाऊ नका, फांदी हलवू नका, आणि मुलांना बाटलीत काजवे भरू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. फोटो येणार नाही हे आधीच मान्य करून टाका, म्हणजे डोळ्यांनी बघता येतं.

प्रश्न : आम्ही टेंट लावून छोटीशी शेकोटी केली तर वनरक्षकाने येऊन विझवायला लावली, वर दंडाची भाषा. त्याच रानात गावकऱ्यांची गुरं चरतात, ते लाकूडफाटा नेतात, जाळतातसुद्धा. त्यांना सगळं माफ आणि आम्हाला नियम, हा कुठला न्याय? (एक ट्रेकर, कल्याण)

मी वनरक्षकाच्या बाजूने आहे, आधीच सांगते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात अभयारण्य वेगळं आणि राष्ट्रीय उद्यान वेगळं. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी असते, माणसांचे हक्क जवळजवळ संपवले जातात. अभयारण्यात तसं नाही, तिथे आधीपासून राहणाऱ्यांचे काही हक्क चालू ठेवता येतात, चराईवर बंधन घालता येतं पण ती होऊ शकते. आणि बाहेरून येणाऱ्याला कलम २७ प्रमाणे परवानगी लागते, कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावणं किंवा आग पेटती सोडणं हा गुन्हा आहे. म्हणजे तुम्ही पाहुणे आहात आणि ते घरचे, कायद्यानेसुद्धा. त्यावर २००६ चा वन हक्क कायदा आला, त्याने जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासींचा गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, आणि तो अभयारण्यातल्या जमिनीलाही लागू आहे. इथे त्याचा अर्थ काय, तर हिरडा. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवून विकायचा, त्यावर कितीतरी घरांचं वर्षाचं मीठ-मिरची, शाळेची वह्या-पुस्तकं चालतात. हिरड्याचं झाड उभं राहण्यात ज्याचा फायदा आहे तो ते तोडत नाही. ज्या देवराया आज शाबूत आहेत त्याही गावांनी देवाच्या नावाने राखल्या म्हणून.

ते जाळतात म्हणालात ते राब भाजताना बघितलं असेल. पालापाचोळा, शेण पसरून भाताच्या रोपाची जागा भाजतात, आपल्या वावरात, वारा बघून, आणि आग विझेपर्यंत माणूस तिथे उभा असतो. तुमची शेकोटी कड्यावरच्या वाळक्या गवतात होती. हिवाळा संपता संपता ते गवत इतकं कोरडं होतं की एक ठिणगी रात्रभर ठुसठुसत राहते आणि सकाळी वारा सुटला की डोंगर पेटतो. त्या गवतात जमिनीवर घरटं करणारे पक्षी असतात, सरडे असतात, आणि करवीची झुडपं असतात जी सात-आठ वर्षं वाढून एकदाच फुलतात आणि मरून जातात, तिच्याच काठ्यांचा कूड विणून, वर शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती होतात. सहाव्या वर्षी करवी जळाली तर ती फुललीच नाही म्हणायची, बी पडलंच नाही.

शेकोटीसाठी लाकूड कुठून आणलंत हेही आठवून बघा. पडलेलं लाकूड म्हणजे कचरा नाही, त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात, ते कुजूनच माती होते. थंडी वाजत असेल तर एक जास्तीची शाल न्या. रागाने लिहीत नाहीये, तुम्ही परत यावं असं वाटतं म्हणून लिहितेय, आणि आलात की त्या वनरक्षकाला भेटा, एकेका माणसाकडे किती मोठं रान पायी फिरायला असतं ते विचारा.

प्रश्न : आईचं वय ६२, गुडघे बरे आहेत, तिला कळसूबाई करायचीच आहे. न्यावं का? (एक मुलगी, सातारा)

न्या! डॉक्टरांना एकदा विचारून न्या. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात तर आजूबाजूच्या गावांतल्या आईच्या वयाच्या बायका साडी नेसून, पायात साध्या चपला घालून वर जातात देवीला. पहाटे अंधारातच निघा, उन्हं चढायच्या आत वर पोचलात पाहिजे, शिडीवर आईच्या मागे एक पायरी सोडून तुम्ही, पुढे कुणी दुसरं. गर्दीच्या रविवारी अजिबात नको, शिडीवर खोळंबून राहणं हे चढण्यापेक्षा जास्त थकवतं.

आणि वर गेल्यावर आईला कळसूची गोष्ट सांगा. कोळ्याची पोर, दुसऱ्याच्या घरी कामाला राहिली ती या अटीवर की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि तिला ते काम करायला लावलं. तिने ते केलं आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. राज्यातल्या सगळ्यात उंच जागेला त्या पोरीचं नाव आहे.

प्रश्न : इतिहास म्हटलं की किल्लेच येतात. या डोंगरातल्या माणसांचा इतिहास कुठे सापडेल? (एक वाचक, अकोले)

तुमच्याच तालुक्यात, देवगावला. राघोजी भांगरे तिथले. महादेव कोळी समाजाचे, सावकारी लूट आणि इंग्रजांचा अंमल याविरुद्ध त्यांनी याच डोंगरांच्या आधाराने बंड केलं आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं, १८५७ च्या आधी नऊ वर्षं. आणि आजचा इतिहास हवा असेल तर कोंभाळण्याला जा, राहीबाई पोपेरे यांचं गाव, त्यांनी गावठी बियाणं राखलं म्हणून २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. बियाणं राखणं हेही गड राखण्याइतकंच मोठं काम आहे असं मी मानते.

प्रश्न : घाटघरला एवढा पाऊस पडतो, शेजारी भंडारदऱ्याचं एवढं मोठं धरण, आणि उन्हाळ्यात तिथल्याच वाड्यांना पाणी नाही हे कसं शक्य आहे? माझा विश्वास बसत नाही. (एक वाचक, औंध, पुणे)

माझाही बसला नव्हता. पण पहिल्या उत्तरातला दगड आठवा.

पावसाळी ढग कोकणातून येऊन या भिंतीवर चढतात, वर गेले की थंड होतात आणि सगळं पाणी इथेच ओततात. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत संगमनेरच्या पठारावर दुष्काळ असतो, ढग तिथे पोचेपर्यंत रिकामा झालेला असतो. पण इथे पडलेलं पाणी थांबत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली घट्ट कातळ, त्यात मुरायला जागा फक्त भेगांची. चार महिन्यांत धो धो पडतं आणि चार महिन्यांत निघून जातं. कड्यावरून पश्चिमेला पडलेलं काळू, उल्हास करत अरबी समुद्राला, आणि हातभर अलीकडे पूर्वेला पडलेलं प्रवरेतून, मुळेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला. एकाच ढगाचं पाणी.

भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं, विल्सन डॅम म्हणतात ते, दगडी, २७० फूट उंच. ते बांधलं तेव्हाच हे ठरलं होतं की पाणी खाली कालव्यांना जायचं, आणि ते गेलं, प्रवरेच्या खोऱ्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले, लाखो लोकांचं भलं झालं, ते मी नाकारत नाही. पण धरणाचं पाणी खाली वाहतं, वाड्या आहेत वर. शंभर-दोनशे मीटर उंच. समोर पाणी चमकताना दिसतं आणि ते वर चढवायला पंप, पाइप, वीज, रोजची देखभाल लागते, आणि ती जिथे टिकली नाही तिथे डोक्यावरचा हंडा टिकला. त्यामुळे वाडीच्या वरच्या अंगाचं रान हीच त्या वाडीची टाकी असते. रान दाट असेल तर पाचोळा पाणी धरून ठेवतो, हळूहळू भेगांत सोडतो, झरा मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो. रान विरळ झालं, आग लागली, की तोच झरा महिनाभर आधी आटतो. शेकोटीबद्दल मी एवढं का लिहिलं ते आता कळलं असेल.

एप्रिलमध्ये मी एका वाडीत राहिले होते, नाव लिहीत नाही, त्यांनी लिहू नका सांगितलं. पहाटे चारला घरातली सून उठली, मी तिच्यामागे गेले. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तांबड्या थराला लागून एक झिरा खणलेला, परातीएवढा, त्याच्या तळाला बोटभर पाणी. आमच्या आधी तीन जणी बसलेल्या. प्रत्येकीने वाटीने पाणी घ्यायचं, गढूळ होऊ नये म्हणून वाटी तिरकी धरून कडेने भरायची, कळशीवर फडकं बांधून त्यात ओतायची, सात-आठ वाट्या झाल्या की झिरा रिकामा, मग थांबायचं. थांबलं की खालच्या कातळातून पाणी परत यायचं, आवाज न करता, आधी नुसती ओल, मग चमक, मग बोटभर. कुणी बोलत नव्हतं. तिची कळशी भरायला पाऊण तास लागला, आणि उठताना तिने झिऱ्यात पडलेलं एक पान उचललं आणि तोंडावर करवंदीची फांदी झाकून ठेवली, मागून येणारीसाठी.